माहेरपणाची पुरचुंडी

क्याबुगा, ९ फेब्रुवारी

प्रिय अब्वोली,

आधी सगळ्यांच्या तब्येती विचारून घेते, मग बाकीचं. उन्हात उभं राहिलं की तुझा डावा डोळा पाणावायचा, तो आता कसा आहे? जावईबापूंचा खोकला हटला का? मुहुमुझा सायकलवरून पडला होता, त्याच्या हाताचं प्लास्टर निघालं का? कोबुसिंगेचे पुढचे दात आले की अजून खिंडारच आहे? आणि तुझ्या सासूबाई, त्यांची साखर ताब्यात आहे ना? त्यांना सांग, क्याबुगाची म्हातारी आठवण काढते.

हे सगळं हिला कसं ठाऊक, असं म्हणशील. तुमच्या सरकारी पथकातल्या मुगेरेला मागे ठेवून गेलात ना गरम झऱ्यांचं तापमान टिपायला, त्याच्याकडून काढून घेते. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याला वाळवलेले मासे देते, तो मला तुझी बातमी देतो, आणि आपलाच फायदा झाला असं दोघांनाही वाटतं.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण वाफ्यात मिठाची माती पसरायला बसले की गप्प होतात. कामाला भितात बिचारे.

गेल्या महिन्यात तू आलीस. सहा वर्षांनी. कड्यावरून उतरणारी पाच माणसं दिसली, त्यात सगळ्यांत पुढे टोपीवाली तू. खाली आल्यावर तू एकेकाला त्याच्या लाडनावानं हाक मारलीस, नावाड्याला आरली, पाद्र्याला अकीकी, अगदी त्या चहाडखोर बसेमेरालासुद्धा अत्वोकी म्हणालीस. माझ्यापाशी आलीस आणि म्हणालीस, "बाई, जरा बाजूला व्हा, बाटल्या ठेवायच्यात." आपल्याकडे लाडनावाशिवाय बोलणं म्हणजे दारातूनच परत जाणं. पण मी बाजूला झाले. बाटल्या ठेवायच्याच होत्या.

मग बाजूला उभी राहून तुझं काम पाहिलं. रागावलेल्या माणसाचं काम पाहायला मला आवडतं, त्यात खोटं नसतं. तिन्ही झऱ्यांच्या तोंडाशी तू तापमापक धरून बसलीस; कड्याखालचा, मधला आणि वाफ्यांतला. आकडा थरथरायचा थांबेपर्यंत हलली नाहीस. मग पाणी पिचकारीत ओढलंस, गाळलंस, एका बाटलीत कसलेसे थेंब टाकलेस, दुसरीत नाही, आणि झाकण लावायच्या आधी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळलीस. तुझी आई मिठाचं मडकं असंच विसळायची. तीनदा, आणि तोंडानं काही न बोलता.

जेवायला थांबली नाहीस. तुझ्या आईचा वाफा आता बसेमेरा कसते, ते तुला डोळ्यांनी दिसलंच. मी काय करणार होते, पोरी? नियम तो नियम. दोन कोरडे हंगाम वाफा मोकळा पडला की बायकांची बैठक तो दुसरीला देते. तुझी आई गेली, तू शिकायला दूर. मी एकटी बैठकीपुढे काय बोलणार?

मी सकाळीच झऱ्यावर कशाला गेले होते ते तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. असो.

पत्र नावेनं पाठवते. फोन इथे कड्याखाली लागत नाही, आणि तुझा नवा नंबर मुगेरे मासे देऊनही देत नाही.

तुझी आत्या,
कबाताल्या अद्येरी


क्याबुगा, १६ मार्च

प्रिय अब्वोली,

घरची सगळी बरी असोत.

परवा मुगेरेनं सगळ्या गावाला चर्चच्या शेडखाली बोलावलं. तुझा अहवाल आला, म्हणाला. जमिनीखाली सगळ्यांत जास्त आच वाफ्यांतल्या झऱ्याखाली आहे, दोनशे चाळीस अंश. बाकीच्या दोघांखाली त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा पहिलं भोक तिथेच पाडायचं. आधी बारीक, नुसतं तापमान बघायला. जमलं तर मग मोठं, वाफेवर वीज काढायला.

पुरुष खूश झाले. मासे ठेवायला बर्फ मिळेल, म्हणाले, दिवे लागतील. एकानं तर तुझ्या नावानं बकरं कापायचं बोलून दाखवलं. अर्थात बकरं दुसऱ्याचं.

बायका वाफ्यांकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मुगेरेनं लाल फितीच्या अकरा खुंट्या ठोकल्या. त्यातल्या नऊ बसेमेराच्या वाफ्यात, म्हणजे तुझ्या आईच्या. ती माती तुला ठाऊक आहे. आजीच्या आजीनं पसरली तीच माती आम्ही रोज सकाळी पसरतो. ती खालून खार शोषते, संध्याकाळी खरवडून धुतो, मीठ काढतो, आणि तीच माती पुन्हा पसरतो. दुसरी माती मीठ धरत नाही. त्यावर एकदा यंत्राची चाकं फिरली, खडी मिसळली, की संपलं. नवी माती तयार व्हायला दोन पिढ्या लागतात, आणि तेवढा वेळ कोणाकडे आहे?

बसेमेरानं मला पाणवठ्यावर गाठलं. पोर पाठीला, डोक्यावर कॅन, तरी दोन्ही हात कमरेवर. म्हणाली, "अद्येरी, तुझ्या भाचीला सांग, आईचा वाफा परत हवा होता तर माझ्याकडे मागायचा. त्यासाठी सरकारचं यंत्र कशाला आणायचं?"

मी म्हटलं, माझी भाची तसली नाही.

"मग खुंट्या नेमक्या माझ्याच दारात कशा उगवल्या?"

आणि आता गावातल्या सगळ्या बायका तुझं लाडनाव टाकून तेच बोलतात, की कुनिहिरानं सहा वर्षं पोटात ठेवलं आणि शेवटी कागदावर काढलं. तू तसं केलेलं नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. बाटल्या तीनदा विसळणारी बाई आकड्यात सूड मिसळत नाही.

म्हणून मी मुगेरेला चहाला बोलावलं आणि विचारलं, न खणता तुम्हाला खालची आच कळते तरी कशी? मोठ्या प्रेमानं समजावलं त्यानं. म्हणाला, आजी, पाणी खाली खडकात शिजतं. आच जितकी जास्त तितके खडकातले ठरावीक क्षार पाण्यात जास्त उतरतात. रस्सा चाखून तू सांगशील ना चूल किती पेटली होती, तसंच आम्ही पाणी चाखतो. त्यातल्या एका क्षारानं तुमच्या या झऱ्यात कमाल केली, म्हणाला. बाकीच्या दोन झऱ्यांच्या मानानं कितीतरी जास्त. कुठला क्षार, विचारलं. त्यानं नाव सांगितलं, ते मला लिहिता येत नाही. मग माझ्या चुलीकडे बोट करून म्हणाला, "तुझ्या राखेत असतो ना, तोच."

चहा निवून गेला माझा. जास्त लिहीत नाही.

तुझी आत्या


क्याबुगा, २७ मार्च

प्रिय अब्वोली,

एक सहज विचारते. नमुना घेताना पाण्यात बाहेरचं काही पडलेलं असलं, तर ते तुम्हा लोकांना कळतं का? की आतलं नि बाहेरचं एकच दिसतं? सहजच.

इकडे पाऊस लवकर आला. मिठाची चूल विझवली. बसेमेराच्या धाकट्याला गोवर आला होता, उतरला.

आत्या


क्याबुगा, ४ एप्रिल

प्रिय अब्वोली,

सहज विचारलं नव्हतं.

माझं लिहिणं मिठाच्या पोत्यांवरची अक्षरं गिरवून शिकलेलं. वाकडं-तिकडं चालेल, पण आज सरळ लिहायचंय, तेव्हा सावकाश वाच.

तुला आठवत असेल, किंवा नसेल, तू लहान होतीस. दूर गेलेली लेक पुष्कळ दिवसांनी गावात येते तेव्हा घरातली मोठी बाई पहाटे झऱ्यावर जाते. घरच्या चुलीची राख आणि त्या हंगामाचं पहिलं मीठ केळीच्या पानात घट्ट बांधायचं आणि ती पुरचुंडी झऱ्याच्या तोंडात दगडाखाली दडपायची. दिवसभर ती थोडी थोडी विरघळते. संध्याकाळी रिकामं पान वर तरंगलं की समजायचं, लेक आल्याचं झऱ्याला कळलं. माहेरपणाची पुरचुंडी. घरातल्या दुसऱ्या लेकींसाठी मी तीनदा घातली. तुझ्यासाठी कधीच नाही, कारण तू कधी आलीच नाहीस.

तुमचं पथक येणार हे पाद्र्यानं चार दिवस आधी सांगितलं होतं, आणि त्यात तू आहेस हेही. मी मनात म्हटलं, ती सरकारी कामाला येतेय, माहेरपणाला नाही. मग म्हटलं, झऱ्याला काय कळतंय सरकारी आणि खासगी. राख थोडी जास्तच घेतली. सहा वर्षांची बाकी होती. आणि पुरचुंडी घातली वाफ्यांतल्या झऱ्यात, कारण तुझ्या आईचा वाफा त्याच्या काठी.

तू तिथे तापमापक धरून बसलीस तेव्हा पुरचुंडी तुझ्या हातापासून वीतभर अंतरावर, दगडाखाली होती. मी पाहत होते. एकदा वाटलं सांगावं. पण तू 'बाई' म्हणाली होतीस, आणि मला वाटलं, सांगितलं तर म्हणशील, म्हातारीचे चोचले. आणि मीठ-राखेनं बाटलीचं काय बिघडणार, हे मला कुठून माहीत? ते मला मुगेरेनं चहा पिताना सांगितलं.

म्हणजे खालची आच दोनशे चाळीस नाही. माझ्या चुलीची आहे ती.

हे मी तीन आठवडे पोटात ठेवलं. का, तेही सांगते. हे बाहेर पडलं तर तुझा अहवाल खोटा ठरेल, आणि वरचे साहेब म्हणतील, कुनिहिराला पाण्याचा नमुनासुद्धा धड घेता येत नाही. तुझं नाव तिकडे जाईल. आणि मी गप्प राहिले तर तुझं नाव इकडे जातं, आणि बायकांची माती जाते, आणि शेवटी भोक पाडल्यावर खाली थंड निघालं तर दोन्हीकडचं जाईल. मी खूप हिशेब केला. कसाही मांडला तरी भरायचं तुलाच येतं. केलं मी, आणि भरायचं तू. म्हणून निर्णय माझा नाही, तुझा.

मी अजून कोणालाच बोलले नाही. तू म्हणशील त्या दिवशी सगळ्या गावासमोर उभी राहून सांगेन. तू म्हणशील गप्प बस, तर... नाही, खोटं कशाला लिहू, मग गप्प बसणं मला जड जाईल. पण बसेन.

रागव हवं तेवढं, पण पत्र फाडू नकोस. पुरचुंडीत काय काय होतं, किती मुठी राख, किती मीठ, पान कधी तरंगलं, सगळं मागच्या बाजूला लिहिलंय. तुला कामाला येईल.

कबाताल्या


क्याबुगा, ३ ऑगस्ट

प्रिय अब्वोली,

मुहुमुझाचा हात, कोबुसिंगेचे दात, सासूबाईंची साखर, जावईबापूंचा खोकला, सगळं तू मागच्या भेटीत स्वतःच सांगितलंस, तेव्हा आज विचारत नाही. फक्त तुझा डोळा. उन्हात पुन्हा पाणावत होता, मी पाहिलं. टोपी मोठी घे.

जूनच्या शेवटी तू आलीस, तेव्हा माझ्या पत्राला उत्तर म्हणून आलीस की कामाला, हे मला कळलं नाही. बरोबर ते पांढऱ्या मिशांचे साहेब होते, आणि फाइल त्यांच्या काखेत होती. मागच्या वेळी ती तुझ्या काखेत होती. मुगेरेला नंतर विचारलं. म्हणाला, प्रमुख आता ते आहेत, कुनिहिरा मॅडम त्यांच्या हाताखाली. अहवाल स्वतःहून मागे घेतलास, हेही त्यानंच सांगितलं. तू मला नाही सांगितलंस.

शेडखाली सगळे जमले, बायका पुढे. मी उठले. वाक्य पाठ करून आले होते. तोंड उघडलं तोच तुझा हात माझ्या खांद्यावर आला. "आत्या, बस. हे माझ्या कामाचं आहे."

मग तू बोललीस ते मी अक्षर न अक्षर ऐकलं. पहिला नमुना बिघडलेला होता, म्हणालीस. झऱ्यात माहेरपणाची पुरचुंडी होती. "आणि चूक ती घालणाऱ्या बाईची नाही, माझी. मी या गावची लेक. लेक आल्यावर झऱ्यात काय घालतात हे पथकात फक्त मलाच ठाऊक असायला हवं होतं, बाटली बुडवायच्या आधी मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्या दिवशी मला इथल्या कोणाशी बोलायचं नव्हतं."

साहेब मिशा कुरवाळत राहिले. मग बसेमेरानं पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे अब्वोली, तुझं माहेरपण सरकारला चांगलंच महाग पडलं."

आधी तू हसलीस. मग सगळ्या बायका. साहेब सोडून सगळे.

नंतरचं तुला माहीत आहे, पण तू गेल्यावर काय झालं ते नाही. तीन दिवस झऱ्यांत कोणी काही टाकायचं नाही, असं तू सांगून ठेवलंस, तर बायकांनी पाळीपाळीनं पहारा दिला. मुगेरेवर त्यांचा विश्वास नव्हता. पोरांना तिथे थुंकूसुद्धा दिलं नाही. चौथ्या दिवशी मुगेरेनं तू ठेवून गेलेल्या बाटल्या भरल्या, त्यांचा निकाल त्यानं गेल्या आठवड्यात वाचून दाखवला. वाफ्यांतल्या झऱ्याखाली दीडशे. खरी आच कड्याकडून येते, इथे येईपर्यंत ती थकते, म्हणाला. आता पुढचं मोजमाप वर, कड्याच्या पायथ्याशी. तिथे दगड आणि माकडं, वाफा कोणाचाच नाही. खुंट्या उपटल्या. लाल फिती बसेमेरानं आपल्या दोन शेळ्यांच्या गळ्यात बांधल्या, म्हणते, सरकारी शेळ्या आहेत, कोणी हात लावायचा नाही.

पुरुष माझ्याशी सध्या बोलत नाहीत. लागायच्या आधीच दिवा विझवला म्हणतात. मुगेरे त्यांना समजावतो की दीडशेवरसुद्धा लहानसं केंद्र चालतं, निदान मासे वाळवायला तरी वाफ मिळेल. लागेल ते लागेल. खोट्या आकड्यावर लागलेला दिवा किती दिवस टिकला असता?

आता तुला सांगायचं ते. त्या दिवशी तू माझ्याकडे जेवलीस. नाचणीचा गोळा आणि शेंगदाण्याच्या रश्शातला मासा, दोनदा घेतलास. पण साहेब शेजारी बसले होते, आणि मी सगळं माशाच्या काट्यांबद्दलच बोलले. जे बोलायचं होतं ते राहिलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, नियम तो नियम, मी एकटी काय बोलणार. ते अर्धंच खरं आहे. वाफा दुसरीला द्यायच्या आधी बैठकीत विचारतात, या घरच्या लेकीच्या रक्ताची कोणी तिच्यासाठी माती पसरणार आहे का? तेव्हाही विचारलं. तुझ्या रक्ताची मीच होते तिथे. तीन दिवसांचं काम, माझ्या वाफ्याला लागूनच. नुसता हात वर करायचा होता. मी गप्प बसले.

तुझी आई शेवटच्या दुखण्यात तुला विचारत होती आणि तुझी परीक्षा होती. परीक्षा चुकवता येत नाही, हे आता कळतं. तेव्हा मी चिडले होते. पण नुसता रागही नव्हता. मला वाटलं, वाफा गेला की ही रागानं तरी येईल, माझ्याशी भांडेल. भांडायला का होईना, येईल. तू आलीसच नाहीस. सहा वर्षं मी त्या भांडणाची वाट पाहिली. तुझ्या मनात मी नियमावर बोट ठेवणारी बाई झाले असेन, पण खरं तर मी त्याहून वाईट होते. सगळ्या गावासमोर माझी चूक तू आपल्या अंगावर घेतलीस, तेव्हापासून हे मला आत ठेवता येत नाही.

तुझ्या आईचा वाफा आता बसेमेराचा आहे. तिनं त्यात घाम गाळलाय, तो मी मागणार नाही आणि तूही मागू नयेस. पण माझा आहे. माझ्यानं पुढे दोनच हंगाम होतील, मग तो कोणाला तरी जाणार. डिसेंबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात बैठक बसेल. तुझं नाव घालायचं तर मालकिणीनं वर्षातून तीन दिवस स्वतः माती पसरायला हवी. बाकीचे दिवस रक्ताच्या दुसऱ्या कोणी पसरली तरी चालतं. या वेळी मी हात वर करीन, दोन्ही.

ये असं म्हणत नाही. तुला नोकरी आहे, मुलं आहेत, आणि आता वर साहेबही आहेत. वाफा नको असेल तर तसं सांग, मी बसेमेराच्या थोरलीचं नाव सुचवीन, पोर कष्टाळू आहे. पण बैठकीच्या आधी तुझी चिठ्ठी माझ्या हातात हवी. मुगेरेच्या तोंडून निरोप नको, दोन ओळी का होईना, तूच लिही. 'नाही' असेल तरी लिही. ते 'नाही'सुद्धा मला तुझ्या हातचं हवंय. पत्रं नेणारी नाव दर गुरुवारी सुटते. लवकर लिही.

तुझी आत्या,
कबाताल्या अद्येरी